अपहरणवाले कोण?

...नाही, मला एक सांगा, पर्याय द्यायचेच होते तर नीट द्यावेत की नाही माणसानं? 'हो' किंवा 'नाही'! संपलं! मधे काही नाही! अहो, हॉटेलात साधा चहा मागितला तरी वेटर चार प्रश्न विचारतो, साखर कमी की जास्त, अर्धा की पूर्ण... आणि इथे माणसाच्या अख्ख्या आयुष्याचा प्रश्न, तर दोन गोल! एका गोलापुढे 'हो', दुसऱ्यापुढे 'नाही', टिचकी मारा आणि चालू लागा. तुम्हाला सांगतो, विद्यापीठाच्या प्रवेश-अर्जात तेराव्या प्रश्नापर्यंत मी सुसाट निघालो होतो. नाव, पत्ता, जन्मतारीख, रक्तगट... रक्तगटसुद्धा पाठ होता माझा! आणि आला चौदा नंबर. 'अर्जदारास आजवर कोणत्याही गुन्ह्यासाठी शिक्षा झाली आहे काय?' आणि पुढे लाल चांदणी. लाल चांदणी म्हणजे उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही.

आता असं बघू नका माझ्याकडे. झाली होती. अकरा वर्षांपूर्वी, तीन महिने, पूर्ण भोगून बाहेर आलो. पण म्हणून नुसतं 'हो'? नुसतं 'हो' म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काय येणार? सुरा! आणि 'नाही' म्हणावं तर ते खोटं. आणि मी पडलो लिफ्टचा माणूस, आमच्यात खोटं लिहिलं की कुणीतरी खाली पडतं. आता तुम्हीच सांगा, हो का नाही?

बरं, गुन्हा काय ते ऐका, म्हणजे मनात भलतंसलतं येणार नाही. माझा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. एक सात मजली इमारत होती, तिची लिफ्ट माझ्याकडे. पाचव्या मजल्यावरच्या दाराचं कुलूप झिजलेलं. झिजलेलं म्हणजे काय, तर लिफ्ट कुठेही उभी असो, पाचव्यावरचं दार ओढलं की उघडायचं. समोर लिफ्ट नाही, नुसता काळोख, खाली पाच मजले! एके दिवशी झाडूवाल्या मावशी बादली घेऊन निघाल्या, दार उघडलं, पाऊल पुढे टाकलं... बादली गेली. मावशी राहिल्या, त्या केवळ हातातला लांब झाडू चौकटीत आडवा अडकला म्हणून. बादली खाली पोचली तेव्हा मी तळमजल्यावर होतो. आजही कुणी बादली दाणकन ठेवली ना, मी आधी वर बघतो. खरं सांगतो.

आता आमच्यात पद्धत अशी, की वर मशीनरूममध्ये एक वही असते. मेकॅनिकनं दोष लिहायचा, वेळ लिहायची, आणि खाली इमारतीच्या सेक्रेटरीनं सही करायची. सही झाली की लिफ्ट बंद, काम सुरू. सही नाही, तर लिफ्ट चालू आणि मेकॅनिकनं तोंड बंद ठेवायचं. आणि आमचे सेक्रेटरी कोण? वजनमाप खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ! एक-एक शब्द तराजूत टाकून बोलणार. मी गेलो, म्हटलं, साहेब, पाचव्याचं दार धोक्याचं आहे, सही द्या. तर चष्मा वर, चष्मा खाली, 'बघू. मुद्दा... रास्त आहे. पुढच्या... मीटिंगला घेऊ.' दुसऱ्यांदा गेलो, 'बघू.' सात वेळा गेलो हो! सातव्या वेळी मी मावशींनाच बरोबर नेलं, म्हटलं, ही बघा, ही पडणार होती. तर त्यांना काय म्हणतात, 'आपण... लेखी द्या.' जी बाई पाच मजले खाली जाता जाता राहिली, तिनं लेखी द्यायचं!

आठव्या वेळी मी काही बोललोच नाही. वर मशीनरूममध्ये बसलो, सेक्रेटरीसाहेब दुपारी पत्र टाकून परत आले, लिफ्टमध्ये शिरले, आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मधे आल्यावर मी स्विच खाली केला. टक्. मग चौथ्या मजल्यावर उतरलो, दार किल्लीनं उघडलं, लिफ्टच्या वरच्या बाजूला वीतभर फट होती, तिच्यातून वही आत सरकवली. म्हटलं, साहेब, सही. आतून आवाज, 'हे... नियमात बसत नाही.' म्हटलं, माझं बसतं, मी इथेच बसतो! आणि बसलो. तीन तास! बाबा, काय माणूस तो! एकदा आरडाओरडा नाही, एकदा शिवी नाही, नुसतं थोड्या-थोड्या वेळानं, 'हा विषय... मीटिंगपुढेच... यायला हवा.' मी दोनदा पाणी विचारलं. तिसऱ्या तासाला म्हणाले, 'द्या पेन.' दिलं. आणि पेन चालेना! अहो, घासतायत, झटकतायत, तळहातावर रेघा ओढतायत... सगळी इमारत अजून ऑफिसातून परतलेली नाही, पेन आणायचं कुठून? चाळीस मिनिटं गेली पेनात! म्हणजे एकूण तीन तास चाळीस मिनिटं, त्यातला माझा गुन्हा तीन तासांचा, वरचा पेनाच्या कंपनीचा. पण हे कोर्टानं ऐकलं नाही.

आणि आता खरा मूर्खपणा ऐका. दुसरा कुणी असता तर गुन्हा करून पळाला असता, निदान गप्प बसला असता. मी काय केलं? सवयीनं त्याच वहीत नोंद केली! दुसऱ्या ओळीत, सुवाच्य अक्षरात! 'दुपारी ३.१०, लिफ्ट थांबवली, आत सेक्रेटरी. सायंकाळी ६.५०, सही मिळाली, सेक्रेटरी सुखरूप बाहेर काढले, लिफ्ट बंद ठेवली.' खाली माझी सही, माझा लायसन नंबर. आणि तळमजल्यावर मी स्वतः टांगलेली पाटी, 'काम चालू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व.' कोर्टात सरकारी वकिलानं दुसरा पुरावाच आणला नाही. वही उघडली, वाचली आणि खाली बसला. न्यायाधीश म्हणाले, 'बचाव पक्षाला काही म्हणायचंय?' माझा वकील माझ्याकडे बघत म्हणाला, 'यांनी म्हणण्यासारखं काही शिल्लकच ठेवलेलं नाही, साहेब!' झाले तीन महिने.

हे सगळं त्या एवढ्याशा गोलात बसवायचं! आता तुम्हीच सांगा, हो का नाही?

तुम्ही म्हणाल, चव्वेचाळिसाव्या वर्षी तुला पदवीचं खूळ कशाला? डोंबलाचं खूळ! आता नवा नियम आलाय, की लिफ्ट बंद ठेवायचा आदेश फक्त पदवीवाल्यानं काढायचा. सेक्रेटरीची सही गेली, 'बघू' गेलं, सगळा अधिकार पदवीवाल्याचा. छान नियम आहे! पण बावीस वर्षं दोष शोधतोय मी, तेलात हात माझे, आणि सही करायला येतो कोण, तर चोवीस वर्षांचा साहेब, पांढराशुभ्र शर्ट. 'काका, हे काय आहे?' 'साहेब, हा ब्रेक.' 'अच्छा, हा होय ब्रेक! गुळगुळीत दिसतोय, छान आहे.' अरे, गुळगुळीत झालाय म्हणूनच तर बदलायचाय! आणि करतो सही 'ठीक' म्हणून. मी मागे उभा, जीव नुसता तुटतो हो. तेव्हा ठरवलं, ही सही मला मिळाली पाहिजे. परत आयुष्यात कुणाला कोंडायची वेळ येऊ नये, कागदावर एक सही ठोकली की दार बंद! नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचा कोर्स आहे, वयाची अट पंचेचाळीस. म्हणजे यंदा नाही मिळाला प्रवेश तर कधीच नाही.

म्हणून रविवारी दुपारी घरात बैठक बसली. मी, बायको आणि बायकोचा भाऊ. बायको दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर आहे, दिवसभर लोकांचे फॉर्म भरते, म्हणून टंकायला ती. आणि मेव्हणा कोर्टाबाहेर झेरॉक्सचं दुकान चालवतो, म्हणून स्वतःला अर्धा वकील समजतो. तो तंगड्या पसरून बसलेला. 'दाजी, डोळे मिटून 'नाही' दाबा! अकरा वर्षं झाली! कोर्टातले कागद मी बघतो ना रोज, अहो, वाळवीनं खाल्ला असेल तुमचा गुन्हा केव्हाच!' मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? हात पुढे गेला माझा. तेवढ्यात बायको म्हणते, 'अहो, थांबा. दवाखान्यात लोक असेच लिहितात, काही आजार नाही, काही गोळ्या नाहीत. आणि खुर्चीत बसले की इंजेक्शन बघून नाही, त्या न सांगितलेल्या गोळीनं चक्कर येऊन पडतात. खालचं वाचा.' खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, 'माहिती खोटी आढळल्यास पदवीनंतरही प्रवेश रद्द.' पदवीनंतरही! म्हणजे साठीला मी सही करत फिरतोय आणि कुणीतरी येऊन म्हणणार, तुमच्या सगळ्या सह्या रद्द!

'आणि दुसरं,' बायको म्हणाली, 'तुम्हाला जमणार आहे का? मागं स्वतःचा गुन्हा स्वतःच्या अक्षरात लिहून आलात.' मेव्हणा हसला, मी हसलो नाही. तिचंही बरोबरच होतं. दाबलं 'हो'.

आणि 'हो' दाबल्याबरोबर, तुम्हाला सांगतो, त्या फॉर्मच्या पोटातून दुसरा फॉर्म बाहेर आला! 'गुन्ह्याचे स्वरूप निवडा.' आणि खाली यादी... खून. खुनाचा प्रयत्न. दरोडा. चोरी. फसवणूक. अपहरण व डांबून ठेवणे. म्हटलं, अगं, 'इतर' बघ, 'इतर' असेल! 'नाही हो 'इतर'.' वर बघ! 'वर खून आहे.' मग काय करणार? दाबलं 'अपहरण'! मी! ज्या माणसानं दुसऱ्याची छत्री चुकून आणली तरी परत नेऊन दिली, तो अपहरणकर्ता! पुढचा प्रश्न, 'अपहृत व्यक्तीशी नाते.' आई, वडील, पत्नी, अपत्य, परिचित, अनोळखी. म्हटलं, 'परिचित' घाल. मेव्हणा लगेच, 'दाजी, ओळखीच्याला पळवलं की जास्त लागतं हां!' पुढे, 'कालावधी, दिवसांत.' आता तीन तास चाळीस मिनिटांचे दिवस किती? बायकोनं शून्य घातलं, तर लाल अक्षरं, 'चूक! किमान एक.' घातला एक. पुढे, 'काय मागणी केली होती?' लिहिलं, 'सही.' मेव्हणा म्हणाला, 'खंडणीत नुसती सही मागणारा तुम्ही पहिलेच असाल, दाजी.' मी त्याला चहासुद्धा न विचारता घरी पाठवला.

चार दिवसांनी निरोप आला, मूळ कागद घेऊन खिडकी नंबर तीनवर या. गेलो. रांग ही एवढी! सगळी अठरा वर्षांची पोरं, बरोबर आईबाप, हातात फायली. काचेच्या मागे मॅडम, आणि काचेतून आवाज येत नाही म्हणून त्यांना दिलाय माइक. आणि त्या माइकचा कर्णा कुठे? बाहेर रांगेच्या डोक्यावर! 'वसतिगृहवाले पुढे या... शिष्यवृत्तीवाले पुढे या...' चाललेलं. मी आपला निवांत उभा. आणि एकदम कर्णा गरजला, 'अपहरणवाले कोण? अपहरणवाले पुढे या!'

सगळी रांग एकमेकांकडे बघायला लागली! मी हळूच बोट वर केलं. माझ्या मागच्या बाईंनी मुलीचा दंड धरून तिला अशी मागे ओढली... त्यांच्या मागचे सरकले, त्यांच्या मागचे सरकले, अख्खी रांग दारापर्यंत गेली! खिडकीपाशी गेलो. मॅडम माइकवरच, 'किती जण होते?' मी काचेला तोंड लावून, 'एकच.' 'लहान मूल?' 'नाही हो, सेक्रेटरी होते! एकसष्ट वर्षांचे!' तर कर्ण्यावर, 'म्हणजे वृद्ध!' मागून कुणीतरी 'अरे देवा' म्हणालं. म्हटलं, मॅडम, माइक जरा बंद करता का? तर त्या माइकवरच कुजबुजल्या, 'काका, माझं काही नाही हो. मी कोण? सिस्टिम विचारते.' बाई बिचारी चांगली होती. म्हणाली, 'एक पत्र आणा. वर्तणुकीचं. प्रतिष्ठित व्यक्तीचं, नातेवाईक नको, आणि त्या व्यक्तीला गुन्ह्याची सविस्तर माहिती पाहिजे. आठ दिवसांत.'

आता हे ऐका! प्रतिष्ठित पाहिजे, नातेवाईक नको, आणि गुन्हा सविस्तर माहीत पाहिजे! अहो, ज्या प्रतिष्ठितांशी माझी ओळख आहे त्यांना गुन्हा माहीत नाही, म्हणून तर ओळख आहे! मालकाकडे गेलो, ज्यांच्याकडे कामाला आहे ते. ते म्हणाले, 'मला माहीत आहे असं लिहिलं, तर माहीत असून ठेवला असं होईल. मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही, जा कामाला.' शिक्षा देणारे न्यायाधीश निवृत्त होऊन मुलाकडे गेले. तुरुंगाचे साहेब म्हणाले, 'वर्तणूक चांगली होती तुझी, पण आमच्याकडे तीन महिनेवाल्यांना पत्र देत नाहीत, किमान दोन वर्षं लागतात.' म्हणजे चांगलं म्हणवून घ्यायला अजून गुन्हा कमी पडला माझा! मेव्हणा म्हणतो, 'दाजी, मी देतो, तसा मी लांबचाच.' लांबचा! रोज संध्याकाळी माझ्या घरी जेवतो!

सात दिवस गेले. कपाळाला हात लावून बसलो होतो. तर बायको भांडी पुसता पुसता म्हणते, 'अहो, एक जण आहेत की. नातेवाईक नाहीत, प्रतिष्ठित आहेत, आणि त्या गुन्ह्याची माहिती त्यांच्याइतकी तुम्हालासुद्धा नाही. ते आतून होते.' मी म्हटलं, वेड लागलंय का तुला? ज्याला कोंडला त्याच्याकडेच जाऊ, आणि म्हणू, मी किती चांगला आहे ते लिहून द्या? आता तुम्हीच सांगा, हो का नाही?

गेलो. काय करतो!

खाली लिफ्टपाशीच भेटले. बहात्तर वर्षांचे झालेत, केस गेलेत, चष्मा तोच. आणि हातात एक भलीमोठी पिशवी. मला बघितलं, चष्मा वर, चष्मा खाली. म्हणाले, 'तुम्ही... ते.' म्हटलं, हो, मीच तो. पळतील वाटलं होतं. पळाले नाहीत. म्हणाले, 'वर... चला. पण बटणांपासून... दूर उभे राहा. हात... दिसू देत.' मी हात वर करून लिफ्टमध्ये शिरलो हो, पोलीस पिक्चरमधल्यासारखा! आणि आत गेल्याबरोबर त्यांनी पिशवीतून काय काढावं? घडीचं स्टूल! उघडलं, बसले. पिशवीत पाण्याची बाटली, बिस्किटांचा पुडा, टॉर्च, शब्दकोड्याचा पेपर... आणि पेनं! मोजून चार पेनं! म्हणाले, 'सहा मजल्यांचा प्रवास आहे. तयारी... असावी.' अकरा वर्षं हा माणूस रोज असा वर-खाली करतोय! दोन मिनिटांच्या लिफ्टला प्रवासाचं सामान!

आणि मला, तुम्हाला खोटं नाही सांगत, मला एकदम रडू आलं. इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगतोय, पेनाचा किस्सा आला की लोक हसतात, मीही हसतो. पण आत बसलेल्या माणसाचं काय झालं असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मला वाटायचं, मी एक दार वाचवलं. आणि इथे एक म्हातारा माणूस स्टूल घेऊन लिफ्टमध्ये शिरतो. माझ्यामुळे. मी हात वरच ठेवून म्हटलं, साहेब, चुकलं माझं. दार बंद पाडायला हवं होतं, मी माणूस बंद केला.

सहावा मजला आला, दार उघडलं, स्टूल घडी केलं. घरात नेलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, कोर्स, चौदा नंबर, पत्र. फॉर्मची प्रत हातात घेतली आणि वाचता वाचता एकदम ताडकन उठले! मला वाटलं, आता हाकलतात. तर काय म्हणावं? 'एक दिवस? कालावधी... एक दिवस? साफ खोटं! तीन तास चाळीस मिनिटं! मी घड्याळ लावून बसलो होतो!' अपहरण म्हटलेलं चाललं, वृद्ध म्हटलेलं चाललं, पण वजनमाप खात्याच्या माणसापुढे माप चुकवायचं नाही! म्हणाले, 'ही चूक दुरुस्त... झालीच पाहिजे. पत्र मी देतो.'

आणि लिहिता लिहिता, मान वर न करता, म्हणतात, 'पाचव्याचं ते दार... मी दुसऱ्याच दिवशी बदलून घेतलं. आत बसून... दोर करकरलेला ऐकला ना. भीती वाटली. मग मावशींचं... कळलं.' म्हटलं, अहो, मग कोर्टात का नाही सांगितलंत? तर म्हणाले, 'तिथे... तसा प्रश्न आला नाही.' आता या माणसावर चिडायचं की पाया पडायचं? मी दोन्ही केलं नाही. बिस्कीट खाल्लं.

पत्र काय लिहिलं ते ऐका. 'या इसमास मी अकरा वर्षांपूर्वी दुपारी ३.१० ते सायंकाळी ६.५० या काळात फार जवळून ओळखत होतो. त्या काळात त्याने मला दोनदा पाणी विचारले. त्याची पद्धत पूर्णपणे चुकीची होती, आणि त्याचे म्हणणे पूर्णपणे बरोबर होते. त्याने धोकादायक ठरवलेल्या लिफ्टमध्ये मी पाऊल ठेवणार नाही. त्याने चालू ठरवलेल्या लिफ्टमध्ये, तो स्वतः समोर उभा असल्यास, मी जाईन.' खाली सही. पहिल्याच झटक्यात चाललं पेन.

मग बोलावलं मुलाखतीला. सातवा मजला. टेबलामागे तिघं. एक प्राध्यापक, एक कायद्याच्या मॅडम, आणि एक सुरक्षा अधिकारी, पोलिसातून आलेले, हाताची घडी घालून माझ्या हातांकडे बघत बसलेले. मॅडमनी पत्र वाचलं, परत वाचलं, प्राध्यापकांकडे सरकवलं, त्यांनी रुमालानं तोंड झाकलं. खोकत होते की हसत होते, कळलं नाही. मग मॅडम म्हणाल्या, 'सरळ विचारते. पुन्हा अशी वेळ आली तर तुम्ही असं कराल का? फक्त हो का नाही एवढं सांगा.'

घ्या! परत तेच! 'नाही' म्हणालो असतो की झालं असतं हो! बायकोनं घरातून निघताना बजावलं होतं, नाही म्हणा, एकच शब्द. मेव्हण्यानं तीनदा म्हणवून घेतलं होतं माझ्याकडून. 'दाजी, म्हणा, नाही. परत म्हणा.' तोंडातसुद्धा आला होता. पण डोळ्यांपुढे तो आडवा अडकलेला झाडू आला. म्हटलं, मॅडम, लिफ्ट थांबवीन. दार धोक्याचं असेल तर कुणाची सही असो नसो, थांबवीन. फक्त आत माणूस नाही ना, हे आधी बघीन.

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. सुरक्षा अधिकारी पहिल्यांदा बोलले, 'आत्ता वर कसे आलात?' म्हटलं, लिफ्टनं. 'काही... केलं नाहीत ना?' म्हटलं, छे हो! फक्त तुमच्या दुसऱ्या मजल्यावरचं दार अर्धा इंच मागे राहतं, तेवढं बघून घ्या. त्यांनी लगेच वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, वा! विद्यापीठ ते विद्यापीठच, दोष सांगितला की नोंद होते! नंतर कळलं, त्यांनी दाराबद्दल नाही, माझ्याबद्दल लिहिलं होतं.

बारा दिवसांनी पत्र आलं. बायकोनं फोडलं, फॉर्म तिनंच भरला होता ना. वाचलं, आणि ती मटकन खुर्चीत बसली. म्हटलं, काय गं? 'मिळाला हो! प्रवेश मिळाला!' मेव्हण्यानं तर मला उचललं, खरंच उचललं, पाठीत उसण भरली त्याच्या. मी रडलो, बायको रडली. चव्वेचाळिसाव्या वर्षी, सगळं खरं लिहून, मिळाला! मी म्हटलं, बघ, दाबलं ना 'हो'? आणि तेवढ्यात ती म्हणते, 'थांबा, खाली एक अट आहे.'

अट! 'अर्जदाराचा पूर्वेतिहास आणि मुलाखतीतील प्रांजळ उत्तर लक्षात घेता, अभ्यासक्रमाच्या चारही वर्षांत विद्यापीठाच्या आवारातील कोणत्याही लिफ्टमध्ये प्रवेश करण्यास वा तिला स्पर्श करण्यास अर्जदारास मनाई राहील. वरील अट मान्य आहे काय?' आणि खाली? दोन गोल! आता तुम्हीच सांगा, हो का नाही?

केली की खूण 'हो'वर! दुसरं काय करणार? तर तेव्हापासून मी आठवड्याचे पाच दिवस, आठ तास नोकरी करून, संध्याकाळी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून जातो. आमचा वर्ग सातव्या मजल्यावर. एकशे चोपन्न पायऱ्या. वर्गातली सगळी पोरं भुर्रकन लिफ्टनं वर जातात, आणि मी लिफ्ट शिकायला जिन्यानं चढतो. पोचतो तेव्हा हजेरी चाललेली असते, आणि माझं नाव पुकारलं की, तुम्हाला सांगतो, 'हो' म्हणायलासुद्धा श्वास उरलेला नसतो. हात वर करतो. सरांनी काल गैरहजेरी लावली.